यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियामागे गेलेलं एक वर्ष

पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपखाली मला मायटोकॉन्ड्रियाचे हिरवे दाणे दिसले आणि मी जाम खूश झाले, कारण पुस्तकातल्या चित्रात असतात तसेच होते, प्रत्येक पेशीत सुटे सुटे विखुरलेले. भरपूर फोटो काढले. संध्याकाळी लॅबमधल्या सीनियर ताईला दाखवले तर तिने बघून फक्त एवढंच विचारलं, "कल्चर कधी लावलं होतंस गं?" म्हटलं काल संध्याकाळी. "मग ह्या उपाशी पेशी आहेत. रात्रभरात सगळं ग्लुकोज संपवून बसल्यात. आता ताज्या मीडियात टाक, ओडी ०.५ च्या आसपास आली की परत बघ." (मीडिया म्हणजे पेशींचं खाणं घातलेलं पाणी, आणि ओडी म्हणजे ते किती गढूळ झालं, म्हणजे पेशी किती वाढल्या, त्याचं माप.)

चार तासांनी परत बघितलं तर दाणे गायब. दाण्यांच्या जागी लांब लांब दोरे, मधे फाटे फुटलेले, पेशीच्या आतल्या बाजूने सालीला चिकटून गेलेले, अगदी खरबुजावर जाळी असते ना, तसं. सगळी पेशी पाच मायक्रॉनची, दोऱ्याची जाडी मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. आणि ते स्थिर नव्हतेच, मी बघत असतानाच एक टोक दुसऱ्याला जाऊन चिकटलं, दुसरीकडे एक दोरा मधेच तुटला. मी किती वेळ डोळा लावून बसले होते मलाच माहीत नाही.

मी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पुण्यातल्या एका लॅबमध्ये होते, म्हणायला सहा महिन्यांचं काम, प्रत्यक्षात वर्ष गेलं. ह्यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही म्हणून सगळं लिहून काढतेय, कुणी यीस्टवर काम सुरू करणार असेल तर उपयोग होईल.

शाळेत आपल्याला मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका शिकवलेलं आहे. तेव्हा तो शब्द मी नुसता पाठ केला होता, पण त्या दिवशी घरी जाताना डोक्यात आलं की अरे, तंतू पण आणि कणिका पण, दोन्ही त्या शब्दातच आहे की! मूळ नाव १८९८ मध्ये कार्ल बेंडाने दिलं ते ग्रीक, मिटॉस म्हणजे दोरा आणि काँड्रिऑन म्हणजे दाणा. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याने बघितलं त्याला दोन्ही रूपं दिसली होती, आपल्या पुस्तकातल्या चित्रात मात्र फक्त राजमा उरला. मला हे खरंच खटकतं. नववीच्या मुलांना एक दोऱ्यासारखा मायटोकॉन्ड्रिया दाखवला तर काय बिघडणार आहे?

तर काम काय होतं ते सांगते. मायटोकॉन्ड्रिया सतत जुळतात आणि सतत तुटतात. तोडणारं मुख्य प्रोटीन डीएनएम१, हे दोऱ्याभोवती कडं करून बसतं आणि जीटीपी नावाच्या रेणूतली ऊर्जा वापरून आवळतं, पोत्याचं तोंड सुतळीने आवळावं तसं, आवळत आवळत दोन तुकडे. ते पृष्ठभागावर बसायला फिस१ आणि एमडीव्ही१ ची मदत लागते. जोडणारी प्रोटीन्स वेगळी, बाहेरचं आवरण जोडायला एफझेडओ१, आतलं जोडायला एमजीएम१. ह्यातल्या एफझेडओचं पूर्ण नाव फझी अनियन्स, कारण हा जीन आधी फळमाशीत सापडला, तिच्या नराच्या शुक्रपेशी बनताना मायटोकॉन्ड्रिया एकमेकांत जुळून कापलेल्या कांद्यासारखे थर दिसतात, आणि ह्या जीनमध्ये बिघाड असला की तो कांदा नीट बनत नाही, विसकटलेला दिसतो. माझं काम होतं डीएनएम१ आणि एफझेडओ१ हे दोन जीन्स आलटून पालटून काढून टाकायचे, मग दोन्ही एकदम काढायचे, आणि आकार, हालचाल, आणि मुलीकडे काय जातं ते बघायचं.

मुलगी म्हणजे कळी. बेकरीत वापरतात तोच यीस्ट, त्याच्या पेशीला एका बाजूला छोटी कळी येते, ती मोठी होते आणि सुटते, चांगलं खायला असेल आणि ३० डिग्रीला ठेवलं तर साधारण दीड तासात एक. लॅबमध्ये सगळे मदर आणि डॉटरच म्हणतात, मी पण नंतर आई आणि मुलगीच म्हणायला लागले.

मायटोकॉन्ड्रिया हिरवे दिसावेत म्हणून एक प्लाझमिड, म्हणजे डीएनएची छोटी गोल कडी, पेशीत घालावं लागतं. त्यात जीएफपी ह्या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनच्या पुढे न्युरोस्पोरा नावाच्या बुरशीच्या एका प्रोटीनचा पत्ता लावलेला असतो, तो पत्ता वाचून पेशी जीएफपी थेट मायटोकॉन्ड्रियाच्या आत नेऊन टाकते. हे घालणं म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन: लिथियम ॲसिटेट, पीईजी, उकळलेला सामन माशाचा डीएनए, ४२ डिग्रीला चाळीस मिनिटं, प्लेटवर पसरायचं, तीन दिवसांनी कॉलनी. हे पहिल्याच वेळी जमलं. जीन काढायचं काम पण तसं सरळ असतं, पीसीआरने (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) जी४१८ ह्या यीस्ट मारणाऱ्या औषधाला टिकून राहायचा जीन बनवायचा, दोन्ही टोकांना जो जीन काढायचा त्याच्या आजूबाजूची डीएनएची चाळीस-पन्नास अक्षरं जोडायची, यीस्ट स्वतःच अदलाबदल करून घेतो. फक्त एक लक्षात ठेवा, ट्रान्सफॉर्मेशन झाल्यावर लगेच जी४१८ च्या प्लेटवर टाकू नका, तीन-चार तास साध्या मीडियात सावरू द्या, नाहीतर नवीन जीनचं प्रोटीन बनायच्या आधीच पेशी मरतात. माझ्या पहिल्या दोन प्लेट कोऱ्या आल्या त्या ह्यामुळेच.

डीएनएम१ काढलेल्या पेशी बघितल्या तेव्हा पहिल्याच फील्डमध्ये फरक कळला. तोडणारं कुणी नाही आणि जोडणं चालूच, त्यामुळे सगळे मायटोकॉन्ड्रिया एकात एक अडकून मासे पकडायच्या जाळ्यासारखं एकच जाळं झालेलं, बऱ्याच पेशींत ते एका बाजूला गोळा झालेलं. एफझेडओ१ काढलेल्यांत बरोबर उलटं, नुसते दाणे. पहिल्या दिवशीच्या उपाशी पेशींसारखेच दिसत होते, पण इथे ग्लुकोज भरपूर होतं, जोडणारा हातच नव्हता.

आणि इथपर्यंत सगळं छान चाललेलं असताना माझे तीन आठवडे वाया गेले.

झालं असं की तुलनेसाठी साध्या, काहीही न काढलेल्या पेशींचे फोटो हवे होते, ते मी रोज थोडे थोडे घेत होते. आणि त्यांच्यातच मायटोकॉन्ड्रिया विचित्र दिसायला लागले, अंधूक, कुठे गोळे, कुठे तुटक, दोरे नीट नाहीतच. मला वाटलं लेझर कमी पडतोय, मग वाटलं लेन्सला तेल कमी झालं, मग मीडिया बदलला, मग प्लाझमिड परत घातलं. रात्री झोप लागायची नाही, कारण ज्याच्याशी तुलना करायची तेच बिघडलेलं असेल तर बाकी सगळ्याला अर्थच काय. शेवटी मॅडमनी मीटिंगमध्ये शांतपणे विचारलं, "ग्लिसरॉलवर वाढतात का बघितलंस?"

बघितलं नव्हतं. त्याच दिवशी ग्लिसरॉलच्या प्लेटवर रेघ ओढली आणि तीन दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवली. काहीच आलं नाही, प्लेट कोरी.

ह्याला पेटीट म्हणतात. १९४९ च्या सुमारास पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसीने हे दाखवलं, काही यीस्ट पेशींच्या कॉलनी छोट्याच राहतात, फ्रेंचमध्ये पेटीट म्हणजे लहान, आणि ह्या पेशींना श्वसन जमत नाही. कारण मायटोकॉन्ड्रियाच्या आत स्वतःचा डीएनए असतो, यीस्टमध्ये साधारण ८५ हजार अक्षरांचा, तो खराब झालेला किंवा पूर्ण गेलेला असतो. त्यावर फक्त आठच प्रोटीन्सची माहिती आहे, बाकी जवळजवळ सगळी, म्हणजे हजारभर, न्यूक्लियसमधून बनून येतात, पण त्या आठांशिवाय श्वसनाची यंत्रणा उभीच राहत नाही. ग्लुकोज असेल तर पेशी नुसतं आंबवून जगते म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. ग्लिसरॉल आंबवता येत नाही, तिथे श्वसन पाहिजेच, तिथे पितळ उघडं पडतं. आणि आपण जो बीवाय४७४१ नावाचा स्ट्रेन, म्हणजे यीस्टचा वाण, वापरतो त्याच्या घराण्यात पेटीट जरा जास्तच होतात. मी फ्रीजमध्ये दीड महिना पडलेल्या ग्लुकोजच्या प्लेटवरून कॉलनी उचलली होती, नेमकी छोटीशी, सुटी आणि गोल दिसली म्हणून. जीएफपी आत खेचायला मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावर विद्युतभार लागतो, पेटीटमध्ये तो कमी, म्हणून अंधूक. सगळं जुळलं.

त्या तीन आठवड्यांचे फोटो मी पुसले नाहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत, त्यांच्यामुळेच मला हा विषय खरा कळला. तेव्हापासून उणे ८० डिग्रीच्या फ्रीजरमधून स्टॉक काढला की आधी ग्लिसरॉलच्या प्लेटवर वाढवायचा आणि मगच पुढचं काम, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. शेजारच्या बेंचवरच्या दादाला मात्र हे डोळ्यांनीच कळायचं, त्याच्या स्ट्रेनमध्ये एडीई२ हा जीन बिघडलेला, त्याच्या कॉलनी गुलाबी-लाल होतात, आणि पेटीट झालेली कॉलनी पांढरी राहते कारण तो रंग तयार व्हायला श्वसन लागतं. लाल प्लेटमध्ये एखादी पांढरी टिकली. मला त्याचा हेवा वाटायचा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, पेटीटमध्ये डीएनए नसला तरी मायटोकॉन्ड्रिया असतातच. त्यांच्याशिवाय पेशी जगूच शकत नाही, कारण लोह आणि गंधकाचे जे छोटे पुंजके कितीतरी प्रोटीन्सना लागतात त्यांची जुळणी तिथेच सुरू होते. आणि मायटोकॉन्ड्रिया कुणी शून्यातून बनवू शकत नाही. आधीच्यातूनच पुढचा. माझी आजी विरजणाची वाटी कधी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही, शेवटचं चमचाभर दही बाजूला काढून ठेवलेलं असायचं, अगदी तसं. कळीत आईकडून एक तरी तुकडा गेला पाहिजे आणि आईकडे पण एक तरी राहिला पाहिजे, नाहीतर एक कुणीतरी मरणार. हे दर दीड तासाने, दर वेळी, न चुकता होतं, आणि ते कसं होतं ते बघणं हा माझ्या वर्षातला सगळ्यात आनंदाचा भाग.

फिल्म काढायची म्हणजे पेशी जागच्या जागी राहिल्या पाहिजेत. त्यासाठी काचेला कॉनकॅनॅव्हॅलिन ए लावतात, आपल्या अबईच्या जातीतल्याच एका शेंगेच्या बियांतून काढलेलं प्रोटीन आहे ते, यीस्टच्या भिंतीतल्या साखरेला धरून ठेवतं. लेझर अगदी कमी ठेवायचा. सुरुवातीला मी चांगले फोटो यावेत म्हणून जास्त ठेवला तर अर्ध्या तासात पेशींनी वाढणंच बंद केलं, कळ्या तेवढ्याच्या तेवढ्याच. मग प्रकाश इतका कमी केला की एकेक फ्रेम दाणेदार यायची, पण पेशी जगायच्या. दर दोन मिनिटांनी एक फोटो, प्रत्येक वेळी खालून वर सात थर, दोन तास. मायक्रोस्कोपचा स्लॉट रात्रीचाच मिळायचा. एसी चालू-बंद झाला की फोकस हलतो, म्हणून मी जॅकेट घालून तिथेच बसायचे.

एका फिल्ममधली एक पेशी मी अजूनही डोळ्यांसमोर आणू शकते. कळी नुकती आलेली, मुरमासारखी, मायक्रॉनभर पण नाही. आईच्या डाव्या बाजूने एक दोरा सरकत मानेपाशी, म्हणजे आई आणि कळीमधल्या अरुंद भागापाशी, आला, एका फ्रेममध्ये बाहेर होता, पुढच्या फ्रेममध्ये टोक आत. मग ते टोक कळीच्या अगदी शेंड्याला जाऊन चिकटलं आणि तिथून हललंच नाही, कळी मोठी होत गेली तसतसा दोरा मागून ओढला जात राहिला. आणि त्याच वेळी आईच्या दुसऱ्या टोकाला, कळीपासून सगळ्यात लांब, एक तुकडा तितकाच घट्ट बसलेला. मधला भाग ताणला जातोय, दोन्ही टोकं सोडत नाहीत. साधारण चाळीस मिनिटांनी मानेजवळ तो तुटला.

ह्यामागची यंत्रणा आता बरीच कळलेली आहे. आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया मुख्यतः मायक्रोट्यूब्यूल नावाच्या बारीक नळ्यांवरून लांब जातात, पण ह्या यीस्टमध्ये ॲक्टिन नावाच्या प्रोटीनच्या दोऱ्यांवरून. ते दोरे कळीकडून आईकडे पसरलेले असतात, त्यावरून मायो२ नावाचं मोटर प्रोटीन पावलं टाकत चालतं, आणि मायटोकॉन्ड्रियाला त्या मोटरशी बांधणारं एमएमआर१. वायपीटी११ पण त्यात मदत करतं. आईकडचा तुकडा धरून ठेवणारं नम१, ते पेशीच्या सालीला ठिपक्यांसारखं बसलेलं असतं, खुंटीसारखं. म्हणजे एकीकडे ओढणारे, एकीकडे धरणारे. मी ॲक्टिन मोडणारं लॅट्रनक्युलिन ए टाकून पण बघितलं, एका डिशमध्ये ते, दुसऱ्यात नुसतं डीएमएसओ, म्हणजे ज्यात ते विरघळवतात तो द्रव. डीएमएसओवाल्या पेशी आपल्या नेहमीसारख्या, आणि लॅट्रनक्युलिनच्या डिशमध्ये काही मिनिटांत हालचाल थांबली, दोरे जिथे होते तिथेच थिजले. वाचून माहीत होतं तरी प्रत्यक्ष बघताना पोटात कसंतरी झालं.

ह्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते ॲक्टिनचे दोरे स्थिर नसतात. ते कळीच्या बाजूला बनत राहतात आणि सतत आईकडे मागे सरकत असतात. म्हणजे कळीकडे जाणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला उलट्या प्रवाहात पोहल्यासारखं जावं लागतं. २०१३ मध्ये लायझा पॉन यांच्या न्यूयॉर्कमधल्या लॅबने दाखवलं की त्यामुळे जे जोमदार तेच पोचतात, थकलेले मागे आईकडे राहतात. आई साधारण वीस-पंचवीस वेळा कळी देते आणि थांबते, म्हातारी होते, पण तिची मुलगी नव्याने सुरुवात करते, त्यामागच्या कारणांतलं हे एक. आणि २०१२ च्या एका कामात मोजून दाखवलंय की आईचं वय वाढत जातं तसा तिच्याकडचा मायटोकॉन्ड्रियाचा साठा तिच्या आकाराच्या मानाने कमी कमी होत जातो, पण प्रत्येक कळीला तिचा वाटा पूर्ण मिळतो. हे मी बसमध्ये वाचत होते. वाचून झाल्यावर मोबाईल बंद केला आणि आईला फोन लावला.

आता दोन्ही जीन्स एकदम काढल्यावर काय झालं ते. इथे थोडं विचार करून बघा, तोडणारं नाही आणि जोडणारं पण नाही, तर काय होईल? मला वाटलेलं पेशी मरणार. डीएनएम१ नसलेला एक आणि एफझेडओ१ नसलेला दुसरा, दोघांचं लग्न लावलं, म्हणजे दोन पेशी जुळून एक होऊ दिल्या (एकाला जी४१८ ची खूण, दुसऱ्याला दुसऱ्या औषधाची, नाहीतर ओळखणार कसं), मग उपाशी ठेवून बीजाणू बनवायचे. आपल्या ह्या स्ट्रेनला बीजाणू बनवायचा भारी कंटाळा, आठवडा लागला. मग मायक्रोस्कोपला लावलेल्या काचेच्या सुईने एका पिशवीतले चार बीजाणू वेगळे करून रांगेत ठेवायचे. पहिल्या दिवशी सहा तासांत मला नऊ पिशव्या जमल्या, मान आखडली, महिन्याभरात तासाला दहा व्हायला लागल्या.

त्या चौघांची ग्लिसरॉलची प्लेट मी जपून ठेवली होती. एका रांगेत चार भावंडं. साधा वाढला. डीएनएम१ नसलेला वाढला. फक्त एफझेडओ१ नसलेला अजिबात नाही, कारण नुसते तुकडे पडत राहिले की मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए हरवतो आणि पेशी पेटीट होते. आणि चौथा, ज्याच्यात दोन्ही नाहीत, तो वाढला! मायक्रोस्कोपखाली बघितलं तर दोरे, जवळजवळ साध्या पेशीसारखेच. म्हणजे एफझेडओ१ नसण्याने पेशीचं नुकसान झालं ते तुटणं चालू राहिल्यामुळे, तुटणं पण थांबवलं की तोल परत आला. १९९९ मध्येच हे दोन लॅब्सनी दाखवून ठेवलंय, मी नवीन काहीच शोधलेलं नाही, पण आपल्या हाताने लावलेल्या प्लेटवर चौथी कॉलनी उगवलेली बघणं वेगळंच असतं. ताई म्हणाली, "आता तुला कळलं," आणि तिनेच कँटीनमधून दोन चहा आणले.

हे सगळं फक्त यीस्टपुरतं नाही. माणसात एफझेडओ१ चे भाऊबंद म्हणजे मायटोफ्युजिन्स, त्यातल्या एमएफएन२ मध्ये बिघाड असला की शार्को-मारी-टूथ नावाच्या आजाराचा एक प्रकार होतो, पायाच्या लांब नसा आधी जातात. एमजीएम१ चा भाऊ ओपीए१, त्यातल्या बिघाडाने डोळ्याची नस सुकते. जिथे मायटोकॉन्ड्रियाला लांब जायचंय तिथे आधी अडतं.

शेवटचे दोन महिने मी लग्न लागणाऱ्या पेशी बघत होते. आपल्याला सगळ्यांना मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात, पण यीस्टमध्ये दोन्ही पालकांकडून. एकाचे हिरवे, दुसऱ्याचे लाल केले. दोघं जवळ आले की एकमेकांच्या दिशेने टोक काढतात, मग मधली भिंत विरघळते, डंबेलसारखा आकार होतो, आणि थोड्याच वेळात हिरवा-लाल मिसळून सगळे दोरे पिवळे. पण डीएनए एवढ्या सहज पसरत नाही, तो बराचसा आपापल्या बाजूलाच राहतो. त्यामुळे कळी डंबेलच्या एका टोकाला आली तर मुख्यतः त्याच बाजूचा डीएनए घेऊन जाते, मधे आली तर दोन्हीकडचा. आणि मधून आलेल्यांत पण वीसेक पिढ्यांत एकेका वंशात एकच प्रकार उरतो.

माझ्या शेवटच्या फिल्ममध्ये कळी मधे आली. रात्रीचे पावणेतीन वाजले होते, स्लॉट तीनला संपत होता. दोन्ही बाजूंनी एकेक पिवळा दोरा मानेपाशी आला, उजवीकडचा आधी आत शिरला, डावीकडचा पुढच्या फ्रेमला. मी वॉचमन काकांना खाली जाऊन सांगून आले की अजून अर्धा तास थांबते.